फाट्यापासून शाळेपर्यंतची वाट

बाई, मागच्या आठवड्यात मी आपल्या फाट्यावर उतरले. गावापर्यंत आता डांबरी सडक झाली आहे, गाडीनं नेतो, असं मुलगा म्हणत होता. मी नाही म्हटलं आणि सौंसरहून बसनंच आले. संत्र्याच्या बगीच्याला आता तारेचं कुंपण आहे, पण त्याच्या कडेची पांदण तशीच आहे, दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी अंगावर येतात. पांदण संपली की कापसाची वावरं, बांधाच्या धुऱ्याधुऱ्यानं नाल्यापर्यंत गेले. पलीकडं सागाचं जंगल, मग टेकडी, मग आपल्या शाळेचं गाव. नाला कोरडा होता, तरी मी ओलांडला नाही. गुडघ्यांचं कारण सांगता येईल, पण खरं कारण ते नाही. तिथंच दगडावर बसून मनात तुम्हाला लिहायला लागले, ते आता कागदावर उतरवून राहिले.

त्र्याऐंशीच्या जुलैत शाळेत रुजू व्हायला मी पहिल्यांदा त्या फाट्यावर उतरले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि पायात टाचेची चप्पल होती. तुम्ही छत्री घेऊन उभ्या होत्या. "नवी बहेनजी तूच काय?" मी हो म्हटलं. तुम्ही माझ्या पायांकडं पाहिलं. "हे चप्पल पांदणीतच राहीन तुही. उद्या बूट घालून येजो." चप्पल खरंच राहिली, शंभर पावलं गेलो नसू तर काळ्या चिखलात रुतली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवीतून पांढरे कॅनव्हासचे बूट काढले. "पोरीचे आहेत. तिले लहान झाले." मी ते घातले, आणि रोज जाऊन-येऊन चार तास ते वर्षभर चालले. दोन महिन्यांत गाव तुम्हाला मोठी बहेनजी आणि मला लहान बहेनजी म्हणू लागलं.

पण बूट घेतले तसं तुमच्या डब्यातलं काही मी घेत नव्हते. दुपारी शाळेच्या ओट्यावर तुम्ही डबा उघडून माझ्याकडं सरकवायच्या आणि मी म्हणायची, पोट भरलं आहे. संत्र्याच्या बगीचेवाल्यांच्या घरातली मी, आणि तुमचं घर लोधीखेड्याच्या बुद्ध विहारामागं. कारण तुम्हाला कळत होतं. तिसऱ्या महिन्यापासून तुम्ही डबा सरकवणं बंद केलं. बोलणं मात्र कमी केलं नाही.

मग तो नाल्याचा दिवस. मला सहाची बस पकडायची आहे, नाल्याला घोटाभर पाणी आहे, मी पाय टाकते आणि तुम्ही मागून माझं मनगट पकडता. इतकं जोरात की बांगडी फुटते.

"पाण्याचा रंग पाह्य. टेकडीवर पाऊस झाला आहे. घाई कायची करून राहिली तू?"

"बस जाईल, बाई."

"जाऊ दे बस. मले तुह्या मायले तोंड दाखवायचं आहे."

थोड्या वेळानं पाणी आलं, तांबडं, लाकडं आणि काटक्या घेऊन, छातीएवढं. ते उतरेपर्यंत सौंसरची शेवटची बस गेली होती. तुम्ही मला लोधीखेड्याला घरी नेलं. तुमच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवलं, ज्वारीची भाकर आणि झुणका ताटात वाढला. मी खाल्लं, पोटभर. मी खाते की नाही याकडं तुम्ही एकदाही पाहिलं नाही, पाठ करून भाकरी थापत राहिलात. मुद्दामच पाहिलं नसावं. त्यानंतर आपला डबा एक झाला.

तिसऱ्या वर्षी तुमचे गुडघे सुजायला लागले. टेकडी चढताना आधी एकदा थांबायच्या, मग तीनदा. सागाला टेकून म्हणायच्या, "तू हो पुढं, पोरं वाट पाहून राहिले." मी पुढं जात नसे, हे खरं आहे. एवढं एक तरी माझ्या बाजूनं खरं आहे. पावसाळा संपता संपता एक दिवस तुम्ही म्हणालात, "सडकेवरच्या शाळेत एक जागा खाली होऊन राहिली. कोणाले माहीत नाही अजून. डॉक्टरचा कागद जोडून अर्ज करीन म्हणते. तू लिहून दे, तुहं अक्षर चांगलं आहे." त्या ओट्यावर बसून मीच तो अर्ज लिहिला. विनंती अर्ज, गुडघेदुखी, रोजची पायपीट, बावीस वर्षांची नोकरी. तुम्ही खाली सही केली.

आणि घरी जेवताना मी त्या जागेचं बोलून गेले. मामा आले होते. त्यांनी विचारलं, कोणती शाळा? मी सांगितलं. त्यांनी आईकडं पाहिलं आणि म्हणाले, "पोरीचं लग्न जमवायचं आहे आपल्याले, जंगलात कुठवर धाडायचं तिले?" मामांच्या ओळखीचे एक साहेब होते. मी नको म्हटलं नाही. हेही म्हटलं नाही की त्या जागेचा अर्ज माझ्याच हातचा आहे.

माझ्या बदलीची आर्डर आली दिवाळीच्या सुट्टीच्या पंधरा दिवस आधी. सुट्टीनंतर रुजू व्हायचं होतं. ते पंधरा दिवस मी ती पर्समध्ये घेऊन तुमच्या सोबत चालत होते. तुम्ही रोज म्हणायच्या, "या वेळी होईन वाटते." मी म्हणायची, होईल. शेवटच्या दिवशी, फाट्यावर, माझी बस लांबून दिसल्यावर मी तुम्हाला सांगितलं.

"केव्हाची आहे आर्डर?"

"पंधरा दिवस झाले."

तुम्ही माझ्या हातातून तुमची पिशवी घेतली. "जागा घेतली, त्याचं नाही," तुम्ही म्हणालात. "तरणी आहेस, तुले कोणी ना कोणी देतेच. पण पंधरा दिवस तू माह्या हातातली पिशवी धरून चालत होती न वं." बस थांबली. तुम्हीच म्हणालात, "चढ, जाईन ते." मी चढले. तुमची बस उलट दिशेची, मागून यायची होती.

पुढच्या थंडीत एका सायंकाळी तुम्ही शाळेतून एकट्या निघालात. टेकडीच्या उतारावर गुडघा वळला आणि पाय मोडला. गावाला वाटलं बहेनजी घरी पोचल्या, घरच्यांना वाटलं गावातच राहिल्या. सकाळी मोळीला निघालेल्या बायकांना तुम्ही दिसलात. तुम्ही सागाची वाळलेली पानं अंगावर ओढून घेतली होती. बैलबंडीतून फाट्यावर, तिथून ट्रकमधून सौंसर, मग नागपूर. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. सोबत कोणी असतं तर रात्र व्हायच्या आत गावातून बंडी आली असती, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

तुमच्या घरी मी गेले. अंगणात बुद्धवंदना चालू होती. ती संपल्यावर तुमची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली, तिनं माझा हात धरला. आई तुमचं लय सांगायची, म्हणाली. मग हळूच विचारलं, "ते सडकेवरची जागा आईले काहून नाही भेटली? तुम्हाले काही माहीत आहे काय?" तुम्ही तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, नाही.

तिचा पत्ता माझ्याजवळ आहे. हे पत्र पाकिटात घालून तिच्याकडं धाडता येईल, सकाळपासून दोनदा मनात आलं. धाडणार नाही. दर दिवाळीला तिचा फोन येतो, आपुलकीनं बोलते, माझ्या तब्येतीचं विचारते. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही, आणि फोन ठेवताना दर वेळी मला बरं वाटतं.