कुंडीतली माशी

दादा,

आधी 'प्रिय' लिहिणार होते, पण पेन अडलं.

खाली आईच्या खिडकीत मला एक माशी सापडली, भुंग्यासारखी गुबगुबीत. तुझ्या त्या देशात ती घरोघरी असते. आपल्याकडे मात्र याआधी कुणालाच दिसलेली नाही. प्रयोगशाळेत सगळे माझी पाठ थोपटताहेत. साहेब एकच विचारतात, "मॅडम, ही आली कुठून?" मी म्हणते, शोधतेय. शोधतेय कसली, कपाळ!

ही माशी फुलांच्या कंदात वाढते. अळी आतून कंद पोखरते आणि उन्हं तापली की माशी होऊन बाहेर पडते. आईच्या कुंडीतले कंद मी उकरून पाहिले. पार पोखरलेले. तसले कंद इथे कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाहीत. आईला विचारलं, "कुणी दिले गं?" तर म्हणते, "मेलं काही लक्षातच राहत नाही." तिला आपले चौथीतले मार्कसुद्धा पाठ आहेत!

सकाळपासून माझ्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या आहेत. म्हणजे तू आलास, तिच्याजवळ बसलास, तिचे हात थरथरतात म्हणून कुंडीत माती भरून दिलीस आणि मी कामावरून परतायच्या आत निघूनही गेलास. हे पत्र पाठवायचं तर तुझा पत्ता आईकडेच मागावा लागेल. तो मी मागणार नाही.

आज तसलीच एक माशी माझ्या खिडकीवर येऊन बसली आहे. एवढासा जीव, पण एक मजला चढून वर आला. तुला तेवढंही जमू नये?

तुझी,
वरच्या मजल्यावरची