गरम पाण्याची चौकशी

कुसगाव,
मंगळवार

तीर्थस्वरूप रखमाजीभाऊंना अंबाजीचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? नंदावहिनींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं का? तुमच्या कान्हे गावाला आमच्यापेक्षा थंडी कमी असते असं तुम्ही दरवर्षी म्हणता, तेव्हा यंदाही कमीच असेल. इकडे सगळं ठीक आहे. (ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीला तसं लिहीत नाहीत.) तुमची बहीण तुमच्याकडे आली त्याला आज एकोणीस दिवस झाले. सरूचा खोकला कसा आहे हे मी विचारत नाही. ती जाताना म्हणाली होती, "खोकला इचारायला फोन करू नका. धूर गेला की मी आले. तवर बसा तुमी बंबापाशी." म्हणून फोन न करता पत्र लिहितो आहे, आणि तेही तुम्हाला.

आपल्या भाड्याच्या सात खोल्यांचं तुम्हाला माहीतच आहे. मुंबईची माणसं शनिवारी येतात. डोंगर बघायला आलेला माणूस सकाळी उठून आधी बादली बघतो. ते पाणी बावीस वर्षं मागच्या पडवीत तांब्याच्या दोन बंबांत तापत आलं. तळेगावच्या डॉक्टरांनी सरूच्या छातीचा फोटो बघून विचारलं, की या बाई विडी किती ओढतात? मी म्हणालो, मुळीच नाही. ते म्हणाले, मग बंब ओढत असतील. ती गेल्यावर पहिल्या शनिवारी बंब मी पेटवला. लाकूड ओलं निघालं. पाहुण्यांनी पडवीतला धूर धुकं समजून त्याचे फोटो काढले. त्यात मी खोकताना आहे असं ऐकतो.

दुसऱ्या दिवशी आपली सून सारिका लॅपटॉप घेऊन बसली. ती वराळ्याच्या कारखान्यात वीजबचतीचं काम बघते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या लॅपटॉपमध्ये म्हणे एक तज्ज्ञ आहे. माणूस नव्हे, सॉफ्टवेअर. ते घराबद्दल प्रश्न विचारतं आणि पाणी तापवायला कोणतं यंत्र घ्यावं, कमी विजेत कोणतं भागेल, ते सांगतं. मी विचारलं, याचे किती घेतात? ती म्हणाली, फुकट आहे. तिथेच मी सावध झालो. मी विचारलं, हे यंत्रं विकणाऱ्याचंच नसेल कशावरून? ती म्हणाली, तसं नाही, कॉलेजातल्या लोकांनी केलंय. कॉलेजातले लोक माझ्या बादल्यांची चौकशी कशाला करतील?

मी खुर्ची जरा मागे घेऊन बसलो. त्याने आधी गावाचं नाव मागितलं. ते दिल्याबरोबर कुसगावात पाऊस किती, थंडी किती, ऊन किती दिवस, सगळं त्याने स्वतःच सांगितलं. मग आकाशातून काढलेला आपल्या पत्र्याचा फोटो दाखवला. पत्र्यावर आपण टाकलेला टायरसुद्धा त्यात होता. आता मला सांगा, ज्याला टायर माहीत आहे त्याला पाहुणे किती येतात हे माहीत नसेल? त्याला माहीत असणार. तो फक्त मी खरं बोलतो का ते बघत होता.

भाऊ, एक्स्प्रेसवेच्या भरपाईची मोजणी झाली तेव्हा तुम्हीच मला शिकवलं, की घेणारा आला तर कमी सांगायचं आणि देणारा आला तर जास्त. तुमच्या बांधावरच्या तीन आंब्यांचे तेव्हा अकरा झाले. आठ फांद्या तर मीच रोवल्या होत्या. आपल्याकडे मोजायला आलेल्या माणसाला आजवर कोणी खरा आकडा दिलेला मला आठवत नाही. तेव्हा हा घेणारा असणार असं धरून मी पाहुण्यांच्या जागी दोन सांगितले. सारिकेने माझ्याकडे बघितलं, पण सासऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून तिने दोन लिहिले. तज्ज्ञाने जरा विचार केला आणि भिंतीवरचा एक छोटा गीझर सुचवला, म्हाताऱ्या जोडप्याला पुरेल असा. सारिका म्हणाली, "आबा, यात एका पाहुण्याचं तोंड धुऊन होईल."

मग ती सहज बोलून गेली, की मोठ्या वापराला कुठे कुठे सवलत मिळते. हे आधी सांगायला हवं होतं. म्हणजे हा देणारा होता. मी ताबडतोब पाहुणे नव्वद केले. तज्ज्ञाने वाफेचा बॉयलर सुचवला, वेगळी वीजवाहिनी सुचवली आणि बॉयलर बघायला एक प्रशिक्षित माणूस ठेवा म्हणाला. शिवाय खाली एक लाल ओळ आली. दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. माहितीचा भरवसा अकरा टक्के. मला ते लागलं. मी त्याच्यावर संशय घेत होतो हे खरं आहे, पण मी घरमालक आहे. त्याने पहिल्याच भेटीत माझ्यावर संशय घ्यावा, हे कोणत्या कॉलेजात शिकवतात?

सारिकेने मग नुसतं बघायला म्हणून स्वतःच्या अंदाजाने आकडे घातले. तेव्हा त्याने हीट पंप नावाची वस्तू सांगितली. ही म्हणे हवेतली ऊब ओढून पाण्यात घालते. लोणावळ्याच्या हवेतली, डिसेंबरात! मी म्हणालो, हवेत ऊब असती तर मी घरात कानटोपी घालून बसलो असतो का? ती म्हणाली, "फ्रिज उलटा चालवला असं समजा, आबा." फ्रिज उलटा केल्यावर काय होतं ते मी खोल्या रंगवताना बघितलं आहे. पाणी निघालं होतं, पण गार. सूर्यावरचं यंत्र का नको, विचारलं, तर तज्ज्ञ म्हणाला, तुमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने ऊन नसतं. एवढं एक मात्र त्याने बरोबर सांगितलं, आणि त्यामुळे माझा संशय वाढला.

पण अंदाजाच्या उत्तरावर एवढी मोठी वस्तू आणायची नाही असं सारिकेचं म्हणणं पडलं. खरे आकडे द्या म्हणाली. मीही म्हणालो, देतो. एकदा खरं बोलून बघू. पाहुणे चौदा ते अठरा, हे मी सांगितलं. पुढे त्याने विचारलं, पहिला बंब किती वाजता पेटतो? मी झोपलेला असतो. एका खेपेला पाणी तापायला किती वेळ लागतो? दिवसाला बादल्या किती? सोमवारी किती? मी सारिकेकडे बघितलं, सारिका माझ्याकडे. एवढ्यात डोंगरावरच्या वाडीतली भागुबाई लाकडं घेऊन आली. तिला म्हटलं, तू तरी सांग. ती म्हणाली, "मोळ्या रोजच्या दोन, त्या मी सांगते. बाकी सरूबायला इचारा. धुरात ती बसायची, तुमी न्हाई." मी म्हटलं, बंब गेला तर तुझी मोळी कोण घेईल? ती म्हणाली, "तुमचं पाव्हणं घेत्यात की शेकोटीला, दुप्पट भावानं. माझी नका काळजी करू, आबा. तुमी तुमची करा."

बावीस वर्षं ज्या घरात आपण पाहुण्यांना गरम पाणी देत आलो, त्या घरातल्या पाण्याचा एकही आकडा मला माहीत नाही हे त्या दिवशी कळलं. तेही एका परक्यासमोर, आणि तो परका सगळं लिहून ठेवतो. तेव्हापासून मी त्या लॅपटॉपकडे पाठ करून बसतो.

असो. गुडघ्याला एरंडाचं पान बांधत जा. वहिनींना नमस्कार.

आपला,
अंबाजी

ता.क. सोबत एक छापील कागद आहे. त्यात तज्ज्ञाचे राहिलेले चौदा प्रश्न आहेत. तो सरूपुढे ठेवावा. मी पाठवला असं सांगू नये, सारिकेच्या कारखान्याकडून आला म्हणावं. आणि भाऊ, पाया पडतो, तिच्या आकड्यांत तुम्ही काही सुधारणा करू नका.

ता.क. २. तेरा जागा रिकाम्या आहेत. "सध्याच्या पद्धतीचा घरात कोणाला त्रास होतो का?" ही एक मी भरली आहे. तिथे आधी "नाही" लिहिलं होतं, सवयीने. ते खोडलं आहे. खाडाखोड वाचता येईल तिला. बंब परवापासून पेटवलेले नाहीत. शनिवारच्या पाहुण्यांना, गार पाण्याने अंघोळ करणं ही इथली जुनी रीत आहे असं सांगणार आहे.

ता.क. ३. कागद पोस्टाने परत पाठवला तर चालेल का, असं मी सारिकेला विचारलं. ती म्हणाली, उत्तरं ज्याने दिली तो माणूस यंत्र बसवताना घरात हजर असावा लागतो, नाहीतर यंत्र बसवत नाहीत, असा नियम आहे. (असा नियम नाही. मी सारिकेला विचारलंही नाही.)