सुऱ्यांच्या धारेची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, लाकडात कोरीवकाम करणाऱ्या गृहस्थाची पत्नी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांनी मला किती दिवस दिलेत ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ह्यांना नाही.

१. राहते घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेले आहे. हे हयात असेतोवर इथेच राहतील, त्यांना कोणी हलवू नये. त्यानंतर घर मुलाचे आणि मुलीचे, निम्मे निम्मे. भांडायचे असेल तर आत्ताच भांडून घ्यावे, म्हणजे मलाही दोन शब्द बोलता येतील.

२. शिलाई मशीन मुलीला. नणंदबाईंना माझ्याकडून काही नाही. "दिवसभर घरात बसून करतेस तरी काय?" असे त्या चारचौघांत विचारत. मी काय करत होते, ते पुढच्या कलमात वाचावे.

३. कोरायच्या सुऱ्या ह्यांच्या, त्या ह्यांच्याकडेच राहतील. त्यांची धार राखण्याचे काम मात्र माझे, आणि ते कोणाला देऊन जावे हे मला कळत नाही. लग्न झाले तेव्हा हे स्वतः धारेसाठी चामड्याच्या पट्ट्यावर पाते ओढत. ओढ संपताना मनगट वळवत, त्यामुळे धार गोल होई आणि चिडचिड घरभर. मी एकदा चूक दाखवली, तर कितीतरी दिवस अबोला. तेव्हापासून हे दुपारी आडवे झाले की मी फळीवर चिकटवलेल्या चामड्याला धारेची हिरवी पेस्ट चोळते, पात्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढते, आणि मनगट न वळवता उचलते. उठल्यावर हे आल्यागेल्याला सांगतात, "माझ्या सुऱ्यांना धार लावावीच लागत नाही. हात हलका हवा, बस्स." मला हसूही येते, रागही येतो.

मुलाला शिकायला बसवले. "आई, हे कुठे घासत बसायचं? धारेचं मशीन आणून देतो," म्हणाला, आणि आणलेही. बिचाऱ्याने मायेनेच आणले. फिरत्या चाकावर एक सुरी धरली, तर पाते तापून निळे पडले. आता तिची धार टिकतच नाही. ते मशीन त्याचे त्याला परत. मग शेजारच्या न्हाव्याला विचारले. "वहिनी, आम्हीच आता पाती वापरून फेकतो. आणि माझे हात बघा," म्हणाला. हात थरथरत होते. मुलगी लांब असते. म्हणजे कोणी नाही.

४. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती सटकते. ह्यांना आता कमी दिसते, कमी ऐकू येते, आणि कोरण्यावाचून त्यांचा दिवस जात नाही. मला मरणाची भीती वाटत नाही, ह्याची वाटते.

मुलाने एवढेच करावे. ज्या दिवशी हे सुरी खाली ठेवून "माझा हात गेला" म्हणतील, त्या दिवशी कानाशी बसून मोठ्याने सांगावे, "बाबा, हात चांगला आहे तुमचा. धार आई लावायची." ते मानणार नाहीत. "तिला काय कळतंय त्यातलं," म्हणतील. तेव्हा वाद घालू नये. सुऱ्या हळूच उचलून आत नेऊन ठेवाव्यात, आणि थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावे.

साक्षीदार: शेजारचा न्हावी (सही), समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर (सही)

लिहून देणार: सही

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिवस: मंगळवार, दुपार