टाकीचं तोंड

बाबा,

त्या सकाळी गाड्या तपासायच्या, पासिंगच्या मैदानात तुम्ही मला ओळख दाखवली नाही, तेव्हा आधी मला बरंच वाटलं होतं. नोकरीला लागून पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. अंगात खाकी, हातात कागद लावलेली पाटी, आणि समोर गाड्यांच्या रांगेत तुमची ती काळी, गोल पाठीची विलायती गाडी. सदरमधल्या ज्या वकीलसाहेबांकडे तुम्ही ड्रायव्हर होतात, ते नागपूर सोडून जाताना ती तुम्हाला देऊन गेले, आणि तुम्ही ती कामठी-नागपूर भाड्याने चालवायला काढली. आपल्या घरातले माग केव्हाच थांबले होते. घर गाडीवर चाललं, माझं शिक्षणही तिच्यावरच झालं. मग पेट्रोल परवडेना, म्हणून तुम्ही जरीपटक्याच्या गॅरेजात तिला डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. इंजिन बदललं की गाडी आमच्या ऑफिसात नव्याने तपासून घ्यायची असा नियम. गाड्या तपासणारा दुसरा साहेब त्या दिवशी रजेवर होता. होतो तो मी.

इंजिन चोख बसवलं होतं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मी मागे गेलो, डिकी उघडली आणि थांबलो. टाकीचं तोंड डिकीच्या आतच होतं, पहिल्यापासून तसंच. लांब सामान मावावं म्हणून डिकी आणि मागच्या सीटमधला पत्रा तुम्ही कधीतरी काढून टाकला होता. म्हणजे डिझेल ओतताना सांडलं तर ते सवारीच्या पाठीमागे, सीटखाली जाणार. बदललेल्या इंजिनाच्या गाडीत टाकीचं तोंड बॉडीच्या बाहेर हवं, हे आम्हाला पढवलेलं होतं. ते मी तुमच्याकडे न बघता म्हणालो. बाबा म्हणालो नाही, साहेबासारखं म्हणालो. "तोंड बाहेर काढा लागन."

"एवढी वर्सं आतच होतं. कोनी मेलं नाही."

"तवा मागं एकटे साहेब बसत. आता सवाऱ्या बसतात."

"मले नियम शिकवून राहिला का गा तू?"

रांगेतले ड्रायव्हर पुढे सरकून बघू लागले. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "बाप आहे ना साहेब, करून टाका." तुम्ही त्या माणसाकडे असं पाहिलं की तो खाली बघायला लागला. मी नापास लिहिलं. तुम्ही कागद घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि गाडी वळवून निघून गेलात. कामठीच्या स्टँडवर तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की आता काय, आपला पोरगाच पासिंगला आहे. हे मला संध्याकाळी आईकडून कळलं.

त्यानंतर गाडी घरासमोरच्या निंबाखाली उभी राहिली आणि तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलं. एका पंगतीत, हातभर अंतरावर बसायचो आपण, आणि तुम्ही आईला म्हणायचात, "तुया साहेबाले सांग, दिवा घालवून झोपत जाय." आई वैतागायची. "मी का पोस्टमन आहो? बाजूले बसला आहे, सांगा ना." तुम्ही मान खाली घालून जेवत राहायचात. मीही हट्टी, तुमचाच. जेवून उठायचो.

एका सकाळी मी ऑफिसला जायच्या तयारीत आहे. आई पोळ्या करते आहे, मी चुलीशेजारी बसून जेवतो आहे, आणि ती सहज सांगते, "पहाटेच टाकी काढून जरीपटक्याले गेले. नवं तोंड जोडून आनतो म्हने."

"पानी भरून जोडनार ना?"

"पानी काहून? पान्यानं डिझेलचा पंप खराब होते म्हनत होते. सोड्यानं धुतली, उन्हात वाळवली."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक टाकी दाखवली होती. गॅसच्या ज्योतीने जोडताना फुटलेली, कमळासारखी उघडलेली. कितीही धुतली तरी पेट्रोलची वाफ आतल्या कप्प्यांत दडून राहते, ती बाहेर काढायला आधी पाणी भरायचं, असं शिकवणारे म्हणाले होते. ती टाकी जोडणाऱ्या माणसाचं काय झालं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मी हात न धुता सायकल काढली. कामठी रोडवर समोरून वारा होता, मिलिटरीचे ट्रक धूळ उडवत जात होते. प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आवाज झाला असेल. इथवर ऐकू येईल का?

गॅरेजच्या अंगणात टाकी दोन विटांवर ठेवलेली होती. छिन्नीने भोक पाडून झालं होतं, नवा पाइप तारेने बांधला होता, आणि मेकॅनिकच्या हातात जोडकामाच्या गॅसची ज्योत पेटलेली होती. मी ओरडलो. तो थबकला. "बाबूजी बोले, धुल गई है." मी भोकाला नाक लावलं. डिझेलच्या वासाखाली तो दुसरा वास होता, गोडसर, पातळ.

"पेट्रोल आहे आत. पानी भरा."

"पानी गेलं तं पंप बसते," तुम्ही म्हणालात. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "सरक."

"पंप गेला तं नवा येईन. तुम्ही गेले तं?"

"सरक म्हनतो ना!"

मी सरकलो नाही. दुसरं काही सुचेना, म्हणून त्या टाकीवर बसलो. खाकी घालून, टोपी घालून, गॅरेजच्या चिखलात. "लावा आता," म्हणालो. तुम्ही माझी कॉलर धरली आणि मला उठवायला असा हिसका दिला की शर्टाचं बटन तुटून उडालं. तेवढ्यात मेकॅनिकने ज्योत विझवली. "मैं नहीं करता, बाबूजी. पहले पानी." तुम्ही कॉलर सोडलीत. मग बादली उचलून नळाकडे गेलात.

टाकी भरत आणली. जोडायच्या जागेखाली वीतभर पोकळी राहिली, कारण पाण्यावर जोड धरत नाही. मेकॅनिकने पुन्हा ज्योत लावली, आणि ती भोकाशी नेताच भप्प झालं. पाइपातून जाळ वर आला, पाणी उसळलं, तो मागे पडला. भुवई जळाली, बाकी काही नाही. आपण तिघं भिजून उभे. वीतभर हवेत एवढं. मग तुम्ही खाली बसलात आणि चिखलात हात घालून माझं बटन शोधायला लागलात.

रात्री आईने विचारलं, "बटन कसं तुटलं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "दारात अटकलं त्याचं."

पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या साहेबाने तपासली, मीच तसं मागून घेतलं होतं. तोंड बाहेर, वर घट्ट झाकण, मधला पत्रा परत बसवलेला. पास झाली. तुम्ही ती पुढे कित्येक वर्षं चालवलीत. त्या सकाळबद्दल आपण कधी बोललो नाही. मी बरोबर केलं की चूक, तुम्ही सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

आता मीही निवृत्त झालो, तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे आलो. हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, कपाटात कपड्यांखाली ठेवीन. एक मात्र लिहून टाकतो. तुम्ही गेलात त्या दिवशी घाटावर स्टँडचा एक म्हातारा ड्रायव्हर मला म्हणाला, "तुमचे बाबा सवारीले सांगत, माया पोरानं माहीच गाडी नापास केली होती." मी त्याला विचारलं, सांगताना चिडलेले असत की हसत? तो आठवत राहिला आणि म्हणाला, ध्यानात नाही.

हसत होतात, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे.