उजव्या विणीचं इरलं

दोहा

आईस,
सप्रेम जय भीम. मी खुशाल आहे. इरलं पोचलं. इथे पाऊस नाही, तरी दर वर्षी प्रत्येकाला नवं इरलं, हा आबांचा नेम. साताऱ्याचा विलास म्हणाला, "कासव सोलून आणलंस का रे?" मग ते पाठीवर घेऊन खोलीभर रांगला. आम्ही खूप हसलो.

नंतर मी वीण पाहिली. आबा डावखुरे, त्यांच्या विणीत बांबूच्या कामट्या कायम डावीकडे वळतात. या उजवीकडे वळल्या आहेत. तू तर आबांनीच विणलं म्हणालीस.

फोन केला की म्हणतेस, "न्हाई रे, झोपलेत." भरदुपारीही? आणि आपला धाकटा सुरज नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात कामावर का जात नाही? हे इरलं त्यानंच विणलं ना?

आबांना बोलता येत नसलं तरी चालेल. फोन त्यांच्या कानाशी धर. मी बोलेन.

तुझा,
प्रितम