आखाजीला धाडलेली दमणी

फागणे,
वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८६१

चिरंजीव रुपचंद यास यशोदाअक्काचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुझा भिकन सकाळीच दमणी घेऊन दारात उभा राहिला. बैलांच्या गळ्यात नवे गोंडे, दमणीला पडदा, आत गादी. वकील झालास, कायदेमंडळात निवडून गेलास, तरी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, बहिणीला माहेरी न्यायला गाडी धाडायचं चुकवत नाहीस. देवपुरातल्या तुझ्या बड्या शेजाऱ्यांना हे जमत नसेल. भिकनला भाकर-ताक दिलंय. तो ओट्यावर बसून बैलांशी बोलतोय, तेवढ्यात हे लिहून घेते. अक्षर वाकडं आहे, पण मला शिकवणारा तूच, तेव्हा हसू नकोस.

यंदा मी येत नाही. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

परवा मारुतीच्या पारावर मास्तरांनी वर्तमानपत्रातलं तुझं भाषण वाचून दाखवलं. हत्याराने हल्ला करणाऱ्याला खटला संपेपर्यंत जामीन देऊ नये, असा कायदा आणायचं घाटतंय आणि तू त्याच्या विरुद्ध उभा राहिलास. आज हा कायदा कुऱ्हाडवाल्याला लावाल, उद्या फौजदार तोच झेंडावाल्याला लावेल, असं बोललास म्हणे. ते मला पटलं. मिठाच्या वेळी तुला धरून नेलं, तेव्हा आई चुलीपुढे कशी बसून असायची ते मी पाहिलंय. पुढे तू म्हणालास, जामीन म्हणजे माणसावर ठेवलेला विश्वास. लोकांनी माना डोलावल्या. तुझ्या मेहुण्यांची छाती तर अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी होती.

ऐकणाऱ्यांत जावई भाईदासही होता. त्याने मास्तरांना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. घरी येताना मला, सासूला, म्हणाला, "मामी, कुंदाच्या मामांनी किती बरं सांगितलं." त्याचा आवाज नेहमी असाच असतो, गार.

जावई इथे कसा, असं तू विचारशील. तुझ्या कानावर घालू नये अशी ह्यांची सक्त ताकीद होती. आता घालते.

तूच जळगावच्या कोर्टात त्याचा जामीन मागितलास. घरातलं घरात मिटेल, पोरीचा संसार वाचेल, असं तुम्ही दोघा शहाण्यांनी ठरवलं. जामीनदार कोण, तर ज्या कुंदावर त्याने कुऱ्हाड चालवली तिचाच बाप. मी नको म्हणत होते तर हे म्हणाले, "जावई शे तो, चोर नही." कोर्टाने अट घातली, साक्षीदारांवर दाब येऊ नये म्हणून त्याने असोद्यात, स्वतःच्या गावात, पाऊल टाकायचं नाही. फार चांगली अट. मग तो राहणार कुठे? जामीनदाराने त्याला नजरेसमोर ठेवायला हवं, पळाला तर ह्यांची मान अडकणार. म्हणून हे त्याला घरी घेऊन आले. तेव्हा कुंदा दवाखान्यात होती, कोणाच्या डोक्यात आलं नाही. दवाखान्यातून सुटल्यावर पोर जाणार कुठे? माहेरीच ना? रुपचंद, असोद्याचे साक्षीदार तुम्ही सांभाळलेत, आणि पहिली साक्षीदार माझ्या चुलीपाशी बसलीय. तो बाहेर ओट्यावर झोपतो. मध्ये एक दार आहे आणि त्याची कडी आतून नीट बसत नाही.

तो वाईट वागत नाही, हेच मला सोसत नाही. विहिरीचं पाणी आणतो, गुरांना चारा घालतो, ह्यांचे पाय चेपतो. गल्लीतल्या बाया म्हणतात, यशोदाबाई, नशीब काढलंत. कुंदा दाणे निवडत असली की दाराबाहेर बसून हळूच विचारतो, त्या दिवशी घरात उजेड कमी होता, तुला नक्की काय दिसलं? तिच्या हातातलं सूप थांबतं.

काल त्याने लिंबाला आखाजीचा झोका बांधला. साऱ्या पोरीबाळी जमल्या, गाणी सुरू झाली. तो म्हणाला, पहिला मान कुंदाचा. चारचौघींत ती नाही कशी म्हणणार? बसली. त्याने ढकलायला सुरुवात केली. तुला माहीत नसेल, खांद्याला लागल्यापासून तिची डावी मूठ वळत नाही. एकाच हाताने दोर धरून होती. झोका उंच गेला, अजून उंच गेला, बाया हसत होत्या, गात होत्या, आणि तो हसून सांगत होता, घट्ट धर. मी पळत गेले तेव्हा कुठे थांबवला, तोही अगदी अलगद. उतरवताना तिच्या कानाशी वाकला. काय म्हणाला ते रात्री तिने मला सांगितलं: "कोर्टात असंच गप्प बसायचं."

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, नवरा-बायकोचं बोलणं तू कशाला मनावर घेतेस. वर आखाजी झाली की कुंदाला त्याच्याबरोबर फैजपूरला त्याच्या मावशीकडे चार दिवस पाठवायचं, हेही कबूल करून बसलेत. मोठं केळीचं रान आहे म्हणे, हवापालट होईल. भाऊ, ती तिथे गेली तर परत येणार नाही. मला याची भीती वाटते असं लिहीत नाही, मला हे ठाऊक आहे.

जामीनदाराला जामीन काढून घेता येतो, हे तूच एकदा जेवताना सांगितलं होतंस. ह्यांना ते तोंड उघडून सांग. माझं ऐकत नाहीत, वकिलाचं ऐकतील. आणि मुंबईला जाण्याआधी कुंदाच्या डोक्यावरचा पदर बाजूला करून तिचा कान पाहा. मग कायदेमंडळात तुला जे बोलायचं ते बोल. तुझी भीती खोटी नाही, पण माझी भीती तुझ्या भाषणात कुठेच नव्हती.

सासरा-जावई आमराईत आंबे उतरवायला गेलेत. दमणी दारात असल्याचं दोघांनी पाहिलंय, अक्का माहेरी निघाली असंच समजतील. पडदा सोडला आहे. आत माझं हिरवं लुगडं नेसून, माझं बोचकं मांडीवर घेऊन कुंदा बसली आहे. पत्र तिच्याच हाती देते. भिकनला सांगितलंय, पांझरा नदी ओलांडेपर्यंत कोणी हाक मारली तरी बैल थांबवू नकोस.

आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, मी माझीला माहेरातून घालवते आहे. या वर्षीचं माझं माहेर तू तिला दे. माझी साडी-चोळीही तिलाच दे.

तिन्हीसांजेला दोघे आंबे घेऊन येतील. भाईदास विचारेल, मामी, तुम्ही गेला नाहीत? कुंदा कुठे आहे?

तेव्हा दारात मी असेन.

तुझी
यशोदाअक्का