चुकलेल्या पिसांचं टेबल

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. वास मात्र लगेच आठवतो, मशीनच्या तेलाचा आणि पितळेचा. साबण घासून घासून आई दमायची, पण तुमच्या शर्टातून तो कधी गेला नाही. आज ऑफिसातून आले, पर्स ठेवली आणि कपडेही न बदलता हे लिहायला बसले. तुमच्याशी बोलायचं आहे. इतकी वर्षं भांडायचं होतं, ते आता जमेल असं वाटत नाही.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तुमचा गाळा मला अजून दिसतो. खंडेनवमीला तुम्ही मला तिथे न्यायचात. लेथ मशीनं धुऊनपुसून बसलेली, प्रत्येकाला झेंडूचा हार. आणि दाराजवळ मिस्त्रीकाकांचं टेबल. तुम्हा सगळ्यांना काम शिकवलेला तो म्हातारा, घरच्यासारखाच. त्या टेबलावर बिघडलेले पीस, म्हणजे लेथवर कापलेले पितळेचे भाग, असायचे, एखादा जास्त कापला गेलेला, एखाद्याचे आटे बसत नसलेले. ज्याच्या हातून बिघडला त्यानेच तो आणून ठेवायचा. मग चहाच्या वेळी सगळे तो हातात घेऊन उलटसुलट बघणार, त्याची यथेच्छ चेष्टा करणार, आणि टूल झिजलंय की माणूसच झोपला होता ते ठरवणार. त्या दिवशीची भजी त्याच्याकडून. खंडेनवमीला मिस्त्रीकाका त्या बिघडलेल्या पिसांनाही हळदकुंकू वाहायचे. मी विचारलं, "ह्यांची पण पूजा?" तर म्हणाले, "मग काय गो, आमका शिकवल्यानी कोणी? हेंनीच." तुम्ही मागे उभे राहून हसत होतात. तुमचं तेवढं मोकळं हसणं मी नंतर फार पाहिलं नाही.

मिस्त्रीकाका म्हातारपणी गावी गेले आणि मालकाचा मुलगा कारभार बघायला लागला. ते टेबल त्याने पहिल्या महिन्यातच काढून टाकलं. त्या जागी फळा आला. ज्याचा पीस बिघडेल त्याचं नाव फळ्यावर लाल खडूने, आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचं. हे सगळं मला खूप पुढे आईकडून कळलं. त्या वयात मला एवढंच कळत होतं की जेवताना तुम्ही गाळ्यातल्या लोकांच्या नकला करायचात त्या बंद झाल्या. कुणाचं नावच निघेना घरात. आईने एकदा विचारलं, "ह्या डब्याक पितळेचो वास कसो येता ओ?" तुम्ही म्हणालात, "चुरो पडलो आसतलो." आणि ताट तसंच ठेवून उठलात.

मग तो रविवार. तुम्ही मला गोराईला नेताय. तसं कधी नेत नाही, म्हणून मी हरखून गेलेली. आपण बोटीत कडेला बसतो, खाडी संथ आहे, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका समोर बसल्यात. बोट मध्यावर आल्यावर तुम्ही पिशवीतून काहीतरी काढता आणि हात पाण्यावर नेऊन अलगद सोडता. पिवळं, चकचकीत. मग थोड्या वेळाने आणखी एक. मला वाटतं तुम्ही खाडीला काही वाहताय, लोक नाणी टाकतात तसं. म्हणून मी डोळे मिटून हात जोडते. डोळे उघडले तेव्हा तुम्ही माझ्या जोडलेल्या हातांकडे बघत होतात, आणि तुमचा चेहरा असा झाला होता की मी घाबरले. गाळ्यात तेव्हा बिघडलेले पीस दिसेनासे झाले होते. फळा कोरा असायचा आणि मालकाच्या मुलाने त्या खुशीत सगळ्यांना पेढे वाटले होते. एकटे तुम्हीच नव्हे, सगळेच ते डब्यातून बाहेर नेऊन टाकत होते, हेही आईनेच पुढे सांगितलं. पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं, म्हणून जो तो समजत होता की आपलाच हात बिघडलाय. सगळे पाळीपाळीने चालवायचे त्या एका मशीनची पकड ढिली झाली होती, एवढंच होतं ते. टेबल असतं तर एका चहात कळलं असतं. पुढे गिऱ्हाइकाकडून पूर्ण माल बिघडलेला म्हणून परत आला तेव्हा सगळ्यांत जुना माणूस म्हणून ते तुमच्यावर ढकललं गेलं. तुम्हाला काढलं. तुम्ही घरी बसलात, खिडकीकडे तोंड करून, आणि दोन पावसाळेही काढले नाहीत. आई म्हणायची, "एकदा तरी बोलायचा होता." तुम्ही म्हणायचात, "कोणाक सांगतलंय? सगळेच घाबरलेले."

हे मला पटायचं नाही, बाबा. मला तुमचा राग यायचा. बोलला असतात तर जगला असतात असं मी धरून चालले. फार दुखायचं, म्हणून राग धरला असेल.

आता माझं ऐका. मी गोरेगावला एका लॅबमध्ये आहे, रक्ताचे रिपोर्ट जिथून निघतात त्या विभागाची प्रमुख. नवे साहेब आले तशी मी सगळी लक्षणं एकेक ओळखली. कुणाची चूक झाली की त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर, खाली हसणारे चेहरे. जेवायला एकत्र बसणारी माणसं आपापल्या खुर्चीत मोबाइल बघत जेवायला लागली. मग ग्रुपवर चुका येणंच थांबलं. मला धडकीच भरली. आणि गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एका मुलीकडून एकाच नावाच्या दोन माणसांचे रिपोर्ट अदलाबदल झाले. तिने कॉम्प्युटरमध्ये गुपचूप दुरुस्त केलं, पण छापील कागद चुकीच्या हातात गेला होता. मला कळल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "अगं, मला तरी सांगायचंस ना." ती म्हणाली, "मॅम, तुम्ही पण ग्रुपवर आहात ना." मी खाली जाऊन माझ्या मोबाइलवरून चुकीचा कागद मिळालेल्या मुलुंडच्या माणसाला फोन केला. त्याने त्या रिपोर्टवरून अजून गोळ्या सुरू केल्या नव्हत्या. मी तिथेच पायरीवर बसले.

आज मीटिंग होती. आज सांगायचं हे मी ठरवून गेले होते. रिपोर्ट कसा बदलला, का लपवला गेला, उद्या एखाद्याने गोळ्या सुरू केल्या तर काय, सगळी वाक्यं पाठ होती. साहेब म्हणाले, ह्या महिन्यात ह्या विभागात एकही चूक नाही, आणि त्यांनी माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. ती मुलगी समोरच्या खुर्चीत होती, तीही वाजवत होती, आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटतं मी काय बोलते त्याची ती वाट बघत होती.

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, थँक यू सर.

आई आत भाकऱ्या करतेय, तिला मी सांगणार नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं, बाबा. तुम्ही नाही आहात म्हणून लिहवलं.